डिस्कच्या क्यू आणि हलत्या व्हीएम: प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

आजपासून या कामाची वेगळी वही. काम दोन टोकांनी आलंय. डेटाबेस सांभाळणाऱ्या गटाची तक्रार आहे की आठ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) देऊनही त्यांच्या व्हीएमची, म्हणजे आभासी संगणकाची, डिस्क एकाच व्हीसीपीयूच्या जोरावर चालल्यासारखी वाटते. इकडे आमच्याकडे तिन्ही होस्ट (व्हीएम ज्यांवर चालतात ती प्रत्यक्ष यंत्रं) एकेक करून अद्ययावत करायचेत, म्हणजे प्रत्येक व्हीएम चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर न्यायची आणि परत आणायची. पहिल्या कामासाठी डिस्कच्या क्यू, म्हणजे विनंत्यांच्या रांगा, वाढवायच्या, दुसऱ्यासाठी वाढवलेल्या क्यू प्रवासात टिकवायच्या. ही दोन कामं दोघांना वाटून द्यावीत असं घाटत होतं. मी ती एकत्र मागून घेतली.

मांडणी अशी: व्हीएम चालवायला केव्हीएम आणि क्यूईएमयू, डिस्क सामायिक स्टोरेजवरून आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याच्या पद्धतीने) येतात, कॅशे बंद. व्हीएम सुरू करणारी आणि हलवणारी स्क्रिप्ट आमची स्वतःची आहे, तिच्यावरून बऱ्याच जणांचा हात फिरलाय.

गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, शिरून इंटरप्टचा (उपकरणाकडून व्हीसीपीयूला येणाऱ्या निरोपांचा) तक्ता उघडला. डिस्कच्या विनंत्यांसाठी एकच ओळ. व्हीसीपीयूमागे एक असे आठ रकाने, त्यातल्या सातांत शून्य आणि एकात एवढा मोठा आकडा की ओळ सरकून पुढच्या रकान्यात घुसलेली. आठही व्हीसीपीयू विनंत्या पाठवतात, पण ‘काम झालं’ हा निरोप कायम एकाच्याच दारात पडतो. पाठवतानाही सगळे एकाच कुलपापाशी खोळंबतात. डेटाबेसवाल्यांची तक्रार शब्दशः खरी आहे.

या वहीत पुढे कुणी नवीन आलं तर त्याच्यासाठी: व्हर्टआयओ ही गेस्टला आभासी उपकरणं देण्याची पद्धत, आणि तिची क्यू म्हणजे गेस्टच्या मेमरीतली एक गोल रांग. गेस्ट तिच्यात विनंतीचं वर्णन लिहितो, होस्टला टोकतो. होस्टवरची क्यूईएमयू प्रक्रिया ते वाचते, डिस्कवर काम करते, उत्तर परत रांगेत ठेवते आणि इंटरप्ट पाठवते. रांग गेस्टच्या मेमरीत असल्यामुळे मायग्रेशनमध्ये (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेताना) ती मेमरीसोबत आपोआप जाते. ती वाचणारी प्रक्रिया मात्र जात नाही. नव्या होस्टवर ती नव्याने उभी राहते, आणि किती रांगा वाचायच्या हे तिला सुरू होतानाच सांगावं लागतं. या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी इथून सुरू होणार असं दिसतंय.

४ मार्च

चाचणीची व्हीएम पूर्ण बंद करून आठ क्यूंनी सुरू केली. इंटरप्टच्या तक्त्यात आता आठ ओळी, आणि आकडे तिरपे उतरत गेलेले: पहिल्या ओळीचा पहिल्या रकान्यात, दुसरीचा दुसऱ्यात. बघून बरं वाटलं. सिसएफएसमध्ये (लिनक्स उपकरणांची सेटिंग जिथे फाइलींसारखी दाखवतं तिथे) डिस्कच्या ‘एमक्यू’ डिरेक्टरीत आठ डिरेक्टऱ्या आणि प्रत्येकीत कुठला व्हीसीपीयू कुठल्या क्यूशी बांधलाय ते लिहिलेलं.

फिओ या डिस्क-चाचणीच्या साधनाने चार-चार केबीची विखुरलेली वाचनं चालवली. गेस्टमधली कुलपाची वाट पाहणं संपलं. वेग वाढला, पण आठपट वगैरे नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. होस्टवर पाहिलं तर क्यूईएमयूचा एकच आय-ओ थ्रेड (डिस्कची कामं करणारा धागा) पूर्ण भरून चालला होता. पलीकडच्या आठही रांगा एकच माणूस वाचतोय. त्याचं नंतर बघू.

६ मार्च

आज पहिलं खरं मायग्रेशन पडलं. डेटाबेसचीच एक छोटी व्हीएम, अजून हात न लावलेली, पहिल्या होस्टवरून दुसऱ्यावर. मेमरीची नक्कल शेवटापर्यंत गेली, आणि मग दुसऱ्या होस्टवरची क्यूईएमयू तक्रार करून बंद पडली. मूळ व्हीएम पहिल्या होस्टवर चालू राहिली, वापरणाऱ्यांना काही कळलंही नाही. मायग्रेशन असं शेवटच्या टप्प्यात फसलं की मूळ प्रत जिवंत राहते, ही या पद्धतीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

तक्रार नीट वाचण्यासारखी आहे. पीसीआय कॉन्फिगरेशनमधली (उपकरण स्वतःची ओळख आणि क्षमता जिथे सांगतं त्या तक्त्यातली) माहिती चुकीची, बाइट क्रमांक १५४, आलेलं मूल्य २, इथल्या उपकरणाचं मूल्य ८. एवढंच. तिच्यात ना डिस्कच्या क्यूचं नाव, ना मायग्रेशनमधल्या कुठल्या सेटिंगचं. (क्यूईएमयू हे आकडे सोळाच्या पायात छापतं, मी दशमानात उतरवलेत.)

सहकारी म्हणाली, “अगं, हे नेटवर्क कार्डाचं असेल, मागे एकदा तसंच झालं होतं.” तिची शंका रास्त होती, कारण बहुरांगी नेटवर्क कार्डातही हाच प्रकार होऊ शकतो. पण तक्रारीच्या पुढच्याच ओळीत उपकरणाचा पत्ता होता आणि तो डिस्कचा निघाला.

मग बाइट उलगडायला बसले. या व्हीएमचा मशीन प्रकार (क्यूईएमयू उभं करतं त्या आभासी यंत्राचा आवृत्तीसह नमुना) आय-४४०-एफएक्स घराण्यातला. त्यात व्हर्टआयओ डिस्कची एमएसआय-एक्स (एका उपकरणाला अनेक इंटरप्ट देणारी) क्षमता बाइट १५२ पासून सुरू होते. पहिला बाइट क्षमतेची ओळख, दुसरा पुढच्या क्षमतेचा पत्ता, तिसरा म्हणजे १५४ वा इंटरप्ट व्हेक्टरांची, म्हणजे वेगवेगळ्या इंटरप्टांची, संख्या, तीही एकाने कमी करून लिहिलेली. म्हणजे मूळ उपकरणात तीन व्हेक्टर, नव्यात नऊ. व्हर्टआयओ-ब्लॉकमध्ये, म्हणजे व्हर्टआयओच्या साध्या डिस्कमध्ये, प्रत्येक क्यूला एक व्हेक्टर आणि कॉन्फिगरेशन बदलासाठी एक. तिनातून एक गेला, दोन क्यू. नवातून एक गेला, आठ क्यू.

स्क्रिप्टमध्ये क्यूची संख्या कुठेच लिहिलेली नाही. मग मूळ व्हीएमला दोन आणि नव्या प्रक्रियेला आठ हे आकडे आले कुठून?

६ मार्च, संध्याकाळी

सापडलं. संख्या लिहिली नाही तर क्यूईएमयू स्वतः ठरवतं, आणि ते सुरुवातीच्या व्हीसीपीयूंइतक्या क्यू देतं. ही व्हीएम दोन व्हीसीपीयूंवर सुरू झाली होती. नंतर कामाचा ताण वाढला म्हणून चालू असतानाच तिला आठपर्यंत व्हीसीपीयू जोडले गेले. डिस्क मात्र सुरुवातीचीच, दोन क्यूंची. मायग्रेशनच्या वेळी आमच्या स्क्रिप्टने ‘आत्ता किती व्हीसीपीयू आहेत’ असं विचारलं, उत्तर आलं आठ, आणि नवी प्रक्रिया आठवर सुरू केली. तिने आठ क्यूंची डिस्क उभी केली.

मशीन प्रकार जुळत नसता तर क्यूईएमयूने सुरुवातीलाच दोन्ही नावं सांगून थांबवलं असतं. इथे ते नाव तंतोतंत जुळत होतं. मशीन प्रकाराचं नाव जुळलं म्हणजे उपकरणाचा आकार जुळला, हे आम्ही सगळेच गृहीत धरून होतो.

७ मार्च

हा आपोआपचा नियम कधीचा ते तपासून ठेवते, कारण आमच्याकडे वेगवेगळ्या काळातल्या व्हीएम आहेत. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या क्यूईएमयू ५.२ पासून, आणि तेही ५.२ किंवा पुढच्या मशीन प्रकारांसाठी, क्यू व्हीसीपीयूंइतक्या होतात. त्याआधीच्या मशीन प्रकारांना एकच क्यू मिळते, क्यूईएमयू कितीही नवं असलं तरी. जुन्या व्हीएम हलत्या राहाव्यात म्हणून मुद्दाम ठेवलेली ही सोय आहे. डेटाबेसच्या ज्या व्हीएममध्ये एकच ओळ दिसली ती अशीच जुन्या मशीन प्रकाराची.

ठरवलेलं:

क्यूची संख्या यापुढे व्हीएमच्या व्याख्येत लिहायची. व्हीएमला मेमरी किती, नेटवर्क कार्डाचा पत्ता कोणता, हे जसं लिहून ठेवतो तसंच. चालू व्हीसीपीयूंवरून किंवा होस्टवरून ती काढायची नाही.

संख्या किती? सर्वाधिक जितके व्हीसीपीयू जोडता येतील तितकी, जास्तीत जास्त आठ. लिनक्सचा व्हर्टआयओ ड्रायव्हर शक्य व्हीसीपीयूंच्या संख्येपेक्षा जास्त क्यू वापरतच नाही, तेव्हा त्यापुढे देऊन उपयोग नाही. कमी दिल्या तर दोन-तीन व्हीसीपीयू मिळून एक क्यू वापरतात, आणि साध्या कामांना तेवढं पुरतं. आठची मर्यादा मी घातलीय. आमच्या स्टोरेजला त्यापुढे गेल्याने फायदा झालेला चाचणीत दिसला नाही.

आधीच चालू असलेल्या व्हीएमचं काय, हा खरा प्रश्न. त्यांची संख्या बदलता येत नाही. गेस्टने बूट होताना क्यू मोजल्या, व्हेक्टर वाटून घेतले, व्हीसीपीयूंची वाटणी केली. आता त्याच्या पाठीमागून उपकरण बदलणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक काढणं. गेस्टच्या आतून रीबूट करूनही भागत नाही, कारण होस्टवरची क्यूईएमयू प्रक्रिया तीच राहते. व्हीएम पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावी लागते. तोवर स्क्रिप्टने चालू प्रक्रियेलाच विचारायचं, की तुझ्या डिस्कला किती क्यू आहेत, आणि नव्या होस्टवर नेमका तोच आकडा द्यायचा. क्यूईएमयूच्या मॉनिटरमधून (चालू प्रक्रियेला प्रश्न विचारण्याच्या सोयीतून) हा गुणधर्म वाचता येतो, आणि तिथे आपोआप ठरलेला खरा आकडा दिसतो. आजच बदल करून पडलेली व्हीएम पुन्हा हलवली. दोन क्यूंची डिस्क दोन क्यूंची म्हणूनच गेली.

१० मार्च

आता क्यूची लांबी, म्हणजे एका रांगेत किती जागा. हाही आकडा मध्ये बदललाय: क्यूईएमयू ५.० च्या मशीन प्रकारांपासून १२८ चे २५६ झाले. त्यासोबत एका विनंतीत जास्तीत जास्त किती तुकडे असू शकतात तेही बदललं, १२६ वरून २५४. दोन जागा वजा, कारण विनंतीचा मथळा आणि निकाल यांना एकेक जागा लागते.

संख्येतला फरक मायग्रेशन पाडतो, तो लगेच दिसतो. लांबीतला फरक जास्त घातक, कारण तो दिसत नाही. क्यूची लांबी मायग्रेशनच्या प्रवाहातूनच येते, म्हणून नवी प्रक्रिया ती मुकाट्याने स्वीकारते. मग कधीतरी गेस्ट रीबूट होतो, उपकरण मूळपदावर येतं, आणि गेस्टला वेगळ्या लांबीची क्यू दिसते. तोवर मायग्रेशनला आठवडे उलटलेले असतात आणि कुणी त्याचा संबंध जोडत नाही. लांबीही व्याख्येत लिहायची.

१२ मार्च

आजची नोंद लांबणार.

क्यू वाढवल्या, लांबी २५६ ठेवली, सगळं छान. मग चाचणीच्या व्हीएमवर फिओचा पूर्ण मारा चालू ठेवून ती हलवली. गेली, चूक काही नाही. पण व्हीएम थांबलेली असण्याचा काळ बघितला आणि थबकले. आम्ही मर्यादा बदललेली नाही, ती क्यूईएमयूची मुळातली ३०० मिलिसेकंद. प्रत्यक्ष थांबा अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त. पुन्हा हलवली, पुन्हा तेच. फिओ बंद करून हलवली तर थांबा मर्यादेच्या खूप आत.

कारण असं. ती ३०० मिलिसेकंदांची मर्यादा उरलेल्या मेमरीच्या अंदाजावर चालते. मेमरीची उरलेली पानं (तुकडे) तेवढ्या वेळात पाठवता येतील असं दिसलं की क्यूईएमयू व्हीसीपीयू थांबवतं. थांबवल्यावर ते आणखी एक काम करतं, आणि ते करायलाच हवं: डिस्ककडे गेलेल्या सगळ्या विनंत्या पूर्ण होईपर्यंत वाट बघतं आणि मग फ्लश करतं, म्हणजे लिहिलेलं सगळं डिस्कवर पक्कं करतं. अर्धवट लिहिलेली विनंती मागे सोडून व्हीएम दुसऱ्या होस्टवर सुरू झाली तर दोन्हीकडून एकाच डिस्कवर लिहिलं जाईल. तेव्हा ही वाट बघणं चुकवायचं नाहीच. फक्त तो वेळ मेमरीच्या अंदाजात धरलेला नसतो.

गणित साधं. आठ क्यू, प्रत्येकीत २५६ जागा, म्हणजे एका वेळी २,०४८ विनंत्या हवेत तरंगत, पाठवलेल्या पण अजून पूर्ण न झालेल्या. समजा स्टोरेज सेकंदाला ४,००० विनंत्या संपवतं, तर रांग रिकामी व्हायला अर्धा सेकंद. १९६१ मध्ये जॉन लिटलने सिद्ध केलेला नियम हाच: रांगेतली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. स्टोरेजचा वेग ठरलेला असेल तर रांग लांबवून फक्त थांबणं लांबतं.

इथे माझं मत स्पष्ट लिहिते. क्यूंची संख्या आणि त्यांची एकूण खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकत्र वाढवण्याची सवय चुकीची आहे. संख्या वाढवल्याने व्हीसीपीयूंची एकमेकांत होणारी अडवणूक कमी होते, तो खरा फायदा. खोली मात्र स्टोरेजला भरलेलं ठेवायला लागेल तेवढीच हवी. त्यापुढची प्रत्येक जागा रोजच्या कामात विलंब वाढवते आणि मायग्रेशनच्या क्षणी थांब्यात भर घालते. हलणाऱ्या व्हीएमला ही किंमत प्रत्येक वेळी मोजावी लागते.

मग खोली कमी कुठे करायची? उपकरणाची लांबी कमी करता येईल, पण त्यासाठी व्हीएम बंद करावी लागते. त्याऐवजी गेस्टमध्येच, डिस्कच्या क्यूच्या सेटिंगमध्ये, प्रत्येक क्यूमागे किती विनंत्या हवेत राहू द्यायच्या ते ठरवता येतं, चालू असताना. ३२ ठेवलं: आठ गुणिले ३२, २५६ विनंत्या. वरच्याच हिशोबाने ६४ मिलिसेकंद. हलवून बघितलं, थांबा पुन्हा मर्यादेच्या आत आला. फिओचा एकूण वेग जवळजवळ तेवढाच राहिला आणि प्रत्येक विनंतीचा विलंब खाली आला. डेटाबेसवाल्यांना नेमका विलंबच सलत होता.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. गेस्टमधलं हे सेटिंग गेस्टच्या मेमरीत राहतं, म्हणून मायग्रेशनमध्ये आपोआप सोबत जातं. रीबूटनंतरही टिकावं म्हणून यूडेव्हचा (उपकरण दिसताच सेटिंग लावणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) नियम लिहिला. म्हणजे तीन प्रकार झाले. गेस्टच्या आतलं: आपसूक जातं. उपकरणाचा आकार: दोन्हीकडे हुबेहूब उभा करावा लागतो. होस्टचं: मागेच राहतं, नव्या होस्टवर जे असेल ते मिळतं. यापुढे प्रत्येक सेटिंग लिहिताना ते यातल्या कुठल्या प्रकारातलं ते लिहायचं.

१३ मार्च

छोटी नोंद. डिस्कवर चूक आली की व्हीएम थांबवायची, असं आमचं सेटिंग आहे. अशा वेळी अडकलेल्या विनंत्या पूर्ण होत नाहीत. त्या बाजूला ठेवल्या जातात आणि मायग्रेशनमध्ये उपकरणाच्या स्थितीसोबत जातात, म्हणजे नव्या होस्टवर पुन्हा प्रयत्न करता येतो. क्यूईएमयूच्या कोडमध्ये बघितलं: एकापेक्षा जास्त क्यू असतील तर अशा प्रत्येक विनंतीसोबत तिच्या क्यूचा क्रमांकही लिहिला जातो. घेणाऱ्या बाजूला तो क्रमांक तिच्याकडच्या क्यूंपेक्षा मोठा निघाला तर ती नकार देते. स्टोरेजचा मार्ग बिघडलाय म्हणून घाईने व्हीएम दुसरीकडे हलवताना नेमकी हीच वेळ येऊ शकते. संख्या जुळवून ठेवायला आणखी एक कारण.

१८ मार्च

तिसरा होस्ट अद्ययावत होऊन परत आला. त्यावर चार व्हीएम हलवल्या, चारही न अडता गेल्या. दुपारी डेटाबेसवाल्या सहकाऱ्याचा फोन: “ताई, काही बदललंत का? सकाळपासून रात्रीच्या अहवालांसारखं चाललंय.” रात्रीच्या अहवालांच्या वेळी त्यांची डिस्क नेहमी मंद असते, त्या अर्थाने.

गेस्टमध्ये बघितलं. क्यू आठ, प्रत्येकी ३२, सगळं ठरल्याप्रमाणे. व्हेक्टर बरोबर. गेस्टमधला विलंब मात्र जवळजवळ दुप्पट. होस्टवर गेले आणि सहकारीला बाकीच्या दोन होस्टवर त्याच डिस्कची क्यू-खोली वाचायला सांगितली. ती वाचत गेली, मी लिहीत गेले: पहिला १२८, दुसरा १२८. तिसऱ्यावर माझ्यासमोर ३२.

आयस्कझीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक डिस्कची खोली मुळात ३२ असते, आणि संपूर्ण सत्रातल्या (होस्ट आणि स्टोरेजमधल्या एका जोडणीतल्या) आज्ञांची कमाल १२८. कधीतरी कुणीतरी पहिल्या दोन होस्टवर ती वाढवली होती आणि कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. तिसरा होस्ट नव्याने उभा केल्यावर तो मूळ आकड्यांवर आला. व्हीएम २५६ विनंत्या पाठवतेय, होस्ट स्टोरेजकडे ३२ च जाऊ देतोय, बाकीच्या होस्टच्या दारात उभ्या. यात कसलीच चूक नोंदवली जात नाही. नोंदींत शोधून काही हाती लागलं नसतं.

खोली लगेच सिसएफएसमधून वाढवली, विलंब खाली आला. कायमची दुरुस्ती मात्र जरा आडवळणाची: सेटिंगच्या मुख्य फाइलमध्ये बदल केला तरी तो फक्त नव्याने शोधल्या जाणाऱ्या लक्ष्यांना (स्टोरेजकडच्या टोकांना) लागू होतो. आधीच नोंदवलेल्या लक्ष्यांच्या नोंदी आयस्कझीच्या साधनाने वेगळ्या बदलाव्या लागतात, आणि सत्राची कमाल वाढवायला सत्र बंद करून पुन्हा लॉगिन करावं लागतं. चार व्हीएम परत दुसऱ्या होस्टवर नेल्या, तिसरा रिकामा केला, लॉगआउट, लॉगिन, आणि व्हीएम परत आणल्या. आज एका व्हीएमने तीन प्रवास केले आणि तिच्यातली एकही जोडणी तुटली नाही.

तिन्ही होस्टवरच्या डिस्कचे शेड्युलरही (विनंत्यांचा क्रम ठरवणारे भाग) याच वेळी तपासले. दोन ठिकाणी ‘नन’, एका ठिकाणी ‘एमक्यू-डेडलाइन’. एकसारखे करून यूडेव्ह नियमात घातले.

२० मार्च

४ मार्चची राहिलेली गोष्ट: आठ रांगा वाचणारा एकच थ्रेड. एप्रिल २०२४ च्या क्यूईएमयू ९.० पासून एका व्हर्टआयओ डिस्कच्या क्यू अनेक आय-ओ थ्रेडमध्ये वाटता येतात. तिसऱ्या होस्टवर ही आवृत्ती आली आहे, बाकी दोघांवर अजून नाही.

सहकारीला शंका होती की एकीकडे चार थ्रेड आणि दुसरीकडे एक असेल तर मायग्रेशन पुन्हा पडेल. नाही पडणार, कारण थ्रेडची वाटणी गेस्टला दिसतच नाही. गेस्टला आठ क्यू आणि नऊ व्हेक्टर दिसतात; त्यांच्यामागे होस्टवर कितीजण बसलेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तरी दोन्ही दिशांनी हलवून बघितलं. गेली आणि परत आली. नव्या क्यूईएमयूवरून जुन्याकडे परत आणणं आम्हाला जमलं, पण नेहमीच्या कामकाजात त्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं.

चार थ्रेडवर फिओचा वेग आता डोळ्यात भरण्याइतका वाढला. त्यामुळे १२ तारखेच्या ३२ या आकड्याचा त्या होस्टवर फेरविचार करावा लागेल का, हे तपासलं. नाही. अडसर आता स्टोरेजकडे सरकलाय, आणि खोली वाढवून त्याला काही फरक पडत नाही.

२५ मार्च

मायग्रेशनपूर्व तपासणी स्क्रिप्टमध्ये घातली. नव्या होस्टवरची प्रक्रिया आधी ‘येणारं स्वीकारायला तयार, पण अजून थांबलेली’ अशा अवस्थेत सुरू करायची. मग दोन्हीकडच्या मॉनिटरमधून प्रत्येक डिस्कची क्यूसंख्या, क्यूची लांबी आणि व्हेक्टर वाचून शेजारी-शेजारी ठेवायचे. यातलं काहीही वेगळं निघालं तर मेमरीचा एक बाइटही न पाठवता थांबायचं. होस्टच्या गोष्टी, म्हणजे आयस्कझीची खोली, शेड्युलर, थ्रेड, वेगळ्या निघाल्या तर फक्त इशारा द्यायचा, कारण त्या कधीकधी मुद्दामच वेगळ्या असतात.

पहिल्याच दिवशी तपासणीने दोन चांगल्या व्हीएम अडवल्या. त्या व्हर्टआयओ-स्कझीवरच्या (एका कंट्रोलरमागे अनेक डिस्क जोडण्याच्या प्रकारावरच्या) होत्या, आणि व्हेक्टरचं माझं सूत्र फक्त ब्लॉकचं होतं. स्कझी कंट्रोलरला विनंत्यांच्या क्यूंखेरीज दोन ठरलेल्या क्यू असतात, एक नियंत्रणाची आणि एक घटनांची. कॉन्फिगरेशनचा व्हेक्टर धरून तीन जास्त. चार क्यू असतील तर व्हेक्टर सात. सूत्र दुरुस्त केलं. शिवाय तिथे प्रत्येक डिस्कमागे आज्ञांची वेगळी कमाल असते, मुळात १२८, तीही तुलनेत घेतली.

संध्याकाळी तपासणीने एक खरी विसंगती पकडली. कुणीतरी एका व्हीएमची व्याख्या नव्या नियमाप्रमाणे आठ क्यूंची केली होती, पण व्हीएम अजून बंद करून सुरू केलेली नव्हती. ती प्रत्यक्षात एकाच क्यूवर चालत होती. बदल करणाऱ्याने नियम पाळला होता, गफलत माझ्या नियमातच होती. आता व्याख्येत दोन रकाने: ‘चालू’ आणि ‘पुढच्या सुरुवातीपासून’. हलवताना पहिला बघायचा, थंड सुरुवातीला (पूर्ण बंद करून सुरू करताना) दुसरा पहिल्यात उतरवायचा.

१ एप्रिल

तिन्ही होस्ट अद्ययावत. ६ मार्चनंतर एकही मायग्रेशन शेवटच्या टप्प्यात पडलं नाही. व्हेक्टरचं सूत्र दुरुस्त केल्यावर तपासणीने चार वेळा आधीच थांबवलं, चारही वेळा कारण खरं होतं. डेटाबेसच्या मुख्य दोन व्हीएम त्यांनीच दिलेल्या वेळेत बंद करून आठ क्यूंवर आणल्या. इंटरप्टचा तक्ता त्यांनी स्वतः पाठवला, तिरप्या आकड्यांचा.

अजून अकरा व्हीएम जुन्या आकारात आहेत. त्यातल्या एकीच्या मालकाने विचारलं, “रीबूट तर आम्ही गेल्याच आठवड्यात केला, मग अजून एकच क्यू कशी?” त्यांना बसून समजावलं: रीबूटमध्ये गेस्ट नवा होतो, उपकरण जुनंच राहतं. पूर्ण बंद करायला ते तयार झाले, पण त्यांच्या तिमाही हिशोबानंतर. तोवर ती व्हीएम एका क्यूनेच हलेल, आणि तपासणीच्या ‘चालू’ रकान्यात तिच्यापुढे १ हाच आकडा राहील. उद्या तिला दुसऱ्या होस्टवर न्यायचंय.